डॉलीचं गाणं व्हिटनीचं कसं काय झालं? कव्हर गाणाऱ्यालाच सगळं श्रेय का?

टेपरेकॉर्डर

मंडळी, रविवारी गाडीत पोपट झाला माझा. भाचीने 'फास्ट कार' लावलं, मी म्हटलं वा, ट्रेसी चॅपमन, तर ती म्हणते कोण ट्रेसी, हे ल्यूक कॉम्ब्सचं आहे. मग काय, मामा सुरू. १९८८ सालचं गाणं, वेम्बलीत मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची कॉन्सर्ट, स्टीव्ही वंडरच्या सिंथेसायझरची डिस्क ऐनवेळी सापडेना म्हणून ही नवखी मुलगी एकटी गिटार घेऊन परत स्टेजवर आली आणि रातोरात स्टार झाली वगैरे सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला, की मामा तू ज्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू'साठी व्हिटनी ह्यूस्टनला डोक्यावर घेऊन नाचतोस ना, ते डॉली पार्टनचं आहे, १९७४ चं. तीस वर्षं मी ते व्हिटनीचंच समजत होतो हो.

तर प्रश्न असा की कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं परत गायलेलं, मूळ गाण्यापेक्षा मोठं झालं की मूळवाल्याच्या हाती काय उरतं? पैसे तरी मिळतात का? आणि मोठं नाव असूनही कव्हरचा पार बट्ट्याबोळ झाला अशी उदाहरणं असतील तर तीही टाका, भाचीला ऐकवायचीत.

वरचा_सा

डॉलीची काळजी करू नका, तिचं मस्त चाललंय. मूळवाला म्हणजे कोण ते आधी ठरवा, गाणं लिहिणारा की पहिल्यांदा गाणारा. पैसा लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पब्लिशरकडे जातो. डॉलीने ते गाणं स्वतः लिहिलेलं आणि हक्कही स्वतःकडे ठेवलेले. मधे एल्विसला ते गायचं होतं, सगळं ठरलं, आणि त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर म्हणाला की अर्धे पब्लिशिंग हक्क आम्हाला द्या. ही नाही म्हणाली. एल्विसला नाही म्हणायचं म्हणजे गंमत आहे का, रात्रभर रडली म्हणे. पुढे १९९२ मध्ये 'द बॉडीगार्ड' सिनेमा आला, त्यातलं व्हिटनीचं व्हर्जन अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर, आणि लेखिका म्हणून पैसा कोणाला, तर डॉलीला. त्यातून तिने नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत इमारती घेतल्या आणि म्हणाली हे व्हिटनीने बांधलेलं घर आहे.

'फास्ट कार'चंही तेच. एकटीने लिहिलेलं, हक्क स्वतःकडे. कॉम्ब्सचं २०२३ मध्ये हॉट हंड्रेडवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, तिचं स्वतःचं १९८८ मध्ये सहाव्यापर्यंतच गेलेलं. वर सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा, साँग ऑफ द इयर तिला मिळाला, हा पुरस्कार मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं येऊन ३५ वर्षं झाल्यावर! २०२४ च्या ग्रॅमीत दोघं एकत्र गायली ते बघा, कॉम्ब्स तिच्याकडे बघत बघत ओठ हलवतोय, चेहऱ्यावर निव्वळ फॅन.

खमंग_काकू

+१. पण वरचा सा, तुम्ही फक्त सुखाची बाजू सांगितलीत हो. 'रिस्पेक्ट' घ्या. १९६५ मध्ये ओटिस रेडिंगने लिहिलं आणि गायलं, त्यात पुरुष म्हणतोय मी कमावून घरी येतो, मला मान दे. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच बाईच्या तोंडी घातलं, ते R-E-S-P-E-C-T असं एक एक अक्षर सुटं करून ठणकावून म्हणणं हे तिचं, ओटिसच्या गाण्यात नाहीच ते. बाईने म्हटल्यावर गाण्याचा अर्थच उलटा झाला. ओटिसनेच मग मॉन्टरे पॉप फेस्टिव्हलच्या स्टेजवर हसत हसत सांगितलं की एका मुलीने हे गाणं माझ्याकडून नेलं. आता गंमत अशी की अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकाराला आणि पब्लिशरला, गाणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे अरीथाचा आवाज लाखो वेळा वाजला, पैसा ओटिसच्या घरी. तेव्हा श्रेय एकीकडे पैसा दुसरीकडे हे दोन्ही बाजूंनी होतं, नुसतं मूळवाल्यावरच अन्याय असं काही नाही.

बट्ट्याबोळ म्हणाल तर जॉन लेननच्या 'इमॅजिन'चं मार्च २०२० चं कव्हर विसरलात? लॉकडाऊन नुकतं लागलेलं, गॅल गॅडोटने इन्स्टावर नटनट्यांना एकेक ओळ गायला लावून व्हिडिओ टाकला, नॅटली पोर्टमन, विल फेरेल, मार्क रफलो, सगळे आपापल्या घरून, कोण कुठल्या पट्टीत ते देवाला ठाऊक. बेसूर तर होतंच, पण लोक नोकऱ्या जातील म्हणून धास्तावलेले आणि हे बंगल्यात बसून सांगतायत की मालमत्ता नसलेलं जग कल्पून पाहा. जाम शिव्या पडल्या. नंतर तिनेच मान्य केलं की ते औचित्याला धरून नव्हतं.

टेपरेकॉर्डर

काकू, दंडवत. इमॅजिनवालं भाचीला पाठवलं, दीड मिनिटात बंद केलं तिने. पण मला एक कळत नाही, कव्हर करायला परवानगी लागते की नाही? ओटिसला विचारलं असेल का?

वरचा_सा

अमेरिकेत गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की कोणीही परत गाऊ शकतो, ठरलेला दर भरायचा, लेखकाला नाही म्हणता येत नाही. चालीचा मूळ गाभा मात्र बदलायचा नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आहे, पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. व्हिडिओ करून टाकायचा तर ती वेगळी भानगड.

टेबललँड

अवांतर: कव्हरचा विषय निघाला आणि पाचगणी नाही आली असं कसं. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी इथल्या सेंट पीटर्स शाळेत होता ना, तेव्हा फारुख बलसारा. शाळेत हेक्टिक्स नावाचा बँड, एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे, फ्रेडी पियानोवर. म्हणजे त्या माणसाची सुरुवातच आमच्या गावात कव्हरने झाली. आणि १९८७ मध्ये त्याने प्लॅटर्सचं १९५५ चं 'द ग्रेट प्रिटेंडर' केलं ते ऐकाच. माझं मत, कव्हर कधी चालतं, तर गाणाऱ्याच्या आयुष्यात ते गाणं आधीपासून बसलेलं असतं तेव्हा. जॉनी कॅशचं 'हर्ट' बघा, नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरने तरुणपणी लिहिलेलं, कॅशने २००२ मध्ये सत्तरीत गायलं, वर्षभरात गेलाच तो. रेझनरने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला गाणं आता माझं राहिलं नाही.

खमंग_काकू

हर्टचा व्हिडिओ रात्री एकट्याने बघू नका कोणी. मागे त्याची बायको जून उभी आहे ना जिन्यावर, नवऱ्याकडे बघत. ती त्याच्याही आधी गेली, मे २००३.

टेपरेकॉर्डर

काल डॉलीचं १९७४ चं ऐकलं. मी गाफील होतो. व्हिटनी शेवटी आभाळ फाडते, ही शेवटच्या कडव्यात गातच नाही, नुसती बोलते, हळू आवाजात. आणि वाचल्यावर कळलं की हे प्रियकरासाठी नाहीच! कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये सात वर्षं काम केलं, त्याला सोडून स्वतःचं करायचं होतं, तो ऐकेना, म्हणून हिने गाणं लिहून ऑफिसात त्याला गाऊन दाखवलं. तो रडला आणि म्हणाला जा.

भाची म्हणते, मामा, पुतण्याच्या रिसेप्शनला डीजेला जी लिस्ट दिलीस त्यातून हे आधी काढ, हा राजीनामा आहे.