बिस्कॉटी (इटलीची दोनदा भाजलेली कडक बिस्किटं) घरी कोण कोण करतं? अनुभव लिहा

कृष्णाकाठची: सकाळी गणपती पेठेत बदाम घ्यायला गेले होते. वाटेत बेकरीतून टोस्टचा वास आला आणि आत्याच आठवली. मे महिन्यात मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून नानकटाई करून आणायला आम्हाला पिटाळायची. भट्टीवाले मामा तेव्हा पावाचे काप पत्र्यावर मांडून परत आत सरकवत असायचे. आता मी बिस्कॉटीला तेच करते की! मैदा, साखर, अंडी, जराशी बेकिंग पावडर, सालासकट अख्खे बदाम. तूप-तेल काही नाही. पीठ चिकटतं, हात ओला करून लांबट लोळा थापायचा. ओव्हनमध्ये १८० अंशांला पंचवीसेक मिनिटं, निवला की तिरके काप, मग १५० ला दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटं. तुमचं सांगा.

हळदीचं पान: निवणं पाहिजेच. गरम कापलं की बदाम सुरीबरोबर ओढला जातो न् काप फाटतो. पावाची दातेरी सुरी घ्या, दाबू नका.

अजिंक्यतारा: आमच्या सासूबाई म्हणाल्या, "कवळी नवीन आहे गं माझी." 😂

मी मिरजकर: वैनी, ती चहात बुडवायचीच असतात. लोणी नाही म्हणून तर कडक. प्रातोला, फ्लॉरेन्सजवळ, कांतुच्ची म्हणतात. तिथलं मात्तेईंचं बिस्किटांचं दुकान १८५८ पासूनचं. तिकडं विन सांतो नावाच्या गोड वाईनमध्ये बुडवतात. आमचा धाकटा आणतो बिस्किटं, वाईन कधी आणत नाही.

अजिंक्यतारा: आणली तरी तुम्हाला सांगेल होय!

उंब्रजची सून: अंडी चालत नाहीत घरात. दही आणि लोणी घालून केली, छान खुसखुशीत झाली.

हळदीचं पान: मग ती नानकटाईच की ओ 🙈

उंब्रजची सून: असूदे, डबा रिकामा झाला.

पोवई नाका: दुसऱ्या भाजणीला नेमकी लाईट गेली. जाड तव्यावर मंद आचेवर उलटपालट करून घेतली, चालतंय. साताऱ्यात पावसाळ्यात मात्र दोन दिवसांत मऊ. परत भाजली की कुरकुरीत. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते.

तासगावकर: घरचा बेदाणा घातलाय कुणी? कापावर उघडा राहिलेला दाणा दुसऱ्या भाजणीत करपून कडू लागतो. म्हणून मी बारीक चिरून घालतो आणि आच कमी ठेवतो.

कृष्णाकाठची: हिरवा घालता का पिवळा?

तासगावकर: हिरवा. रंग दिसतो.

मी मिरजकर: भाव काय चाललाय पण?

तासगावकर: ते विचारू नका. रविवारी या, पिशवी घेऊन.

अजिंक्यतारा: सातारकरांनी यायचं का?

तासगावकर: कंदी पेढे आणणार असाल तर.