रेल्वेच्या वळणावर, दुहेरी मार्गावर काम: लुकआउट किती आणि कुठे?

वेल्डजॉइंट:
दुहेरी मार्ग, दोन्ही लाइनवर वेग ताशी ११० किमी. कटिंगमधल्या (टेकडी खोदून काढलेल्या वाटेतल्या) वळणावर रुळाच्या एका सांध्याचं ग्राइंडिंग आहे आणि तीन-चार स्लीपरखाली पॅकिंग (खडी ठोकून घट्ट बसवणं). गँग सहा जणांची. कामाच्या जागेवरून दोन्हीकडे जेमतेम ४०० मीटर दिसतं. ब्लॉक (कामापुरती लाइन गाड्यांना बंद) न घेता दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उरकायचं तर लुकआउट, म्हणजे गाडी येताना पाहून इशारा देणारे पहारेकरी, किती लागतील? हॉर्न घेऊन एक जण उभा केला की झालं, असं काही जण म्हणतात.

चढउतार:
नाही होत. आधी सेकंद मोजा, माणसं नंतर.

लुकआउटने गाडी ओळखून हॉर्न वाजवायला ३ सेकंद. ग्राइंडर बंद करून, उचलून, सगळ्यांनी सुरक्षित जागी जायला १२ सेकंद. शेवटचा माणूस पोचल्यावर गाडी यायला किमान १५ सेकंद शिल्लक हवेत (अमेरिकी नियमात १५ आहेत, ब्रिटनमध्ये १०). एकूण ३०. ताशी ११० म्हणजे सेकंदाला ३०.५ मीटर, म्हणजे गाडी साधारण ९२० मीटरवर दिसायला हवी. तुम्हाला दिसतात ४००, म्हणजे १३ सेकंद. तेवढ्यात ग्राइंडरसुद्धा धड बाजूला होणार नाही.

ते १२ सेकंद अंदाजाने धरू नका. प्रत्यक्ष जागेवर, सगळ्यात जड हत्यार हातात असताना घड्याळ लावा. रुळाखाली जॅक असेल तर हा आकडा सरळ वाढतो.

आता पुढे लुकआउट लावून बघू. पहिला ३५० मीटरवर, दुसरा ७०० वर, आणि त्याला तिथून पुढचे ४०० दिसतात असं धरू. एकूण ११०० मीटर. पण इशारा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला दर टप्प्याला ३ सेकंद जातात. दोन टप्प्यांचे ६ धरले की ३६ सेकंद, म्हणजे लागणारं अंतर पुन्हा ११००. हातात काहीच उरलं नाही. एकाने जांभई दिली की गणित फसलं. शिवाय हे एका बाजूचं. दुसऱ्या बाजूलाही दोन, आणि कामाच्या जागी एक, ज्याने हत्याराला हात लावायचा नाही. सहा माणसांच्या कामाला पाच पहारेकरी! त्यापेक्षा ब्लॉक मागा.

खडीखालचा:
हिशोब बरोबर, पण आवाज राहिला. ग्राइंडर चालू असताना हॉर्न ऐकू येतो हे गृहीतच धरू नये. कानाला मफ असेल तर विषयच संपला. ३ जुलै २०१९ ला वेल्समध्ये मार्गमजवळ दोन कामगार गाडीखाली गेले. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राने बोल्ट सैल करण्याचं काम चाललं होतं आणि लुकआउट नेमलेलाच नव्हता. यंत्र चालवणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर खांद्याला हात लावणारा माणूस हवा. तो नसेल तर यंत्र चालवू नये.

दुसरा घोळ दुहेरी मार्गाचा. एका लाइनवर गाडी आली की माणसं सवयीने शेजारच्या लाइनवर सरकतात. पहिल्या गाडीच्या धडधडाटात दुसरीचा आवाज बुडतो आणि तिच्या डब्यांमागे समोरचं दिसतही नाही. कोणत्याही लाइनवर गाडी आली तरी सगळ्यांनी दोन्ही लाइन सोडून एकाच ठरलेल्या बाजूला जायचं. लुकआउटने दोन्हीकडे पाहून सांगितल्याशिवाय परत यायचं नाही. कटिंगमध्ये बाजूला उभं राहायला जागा आहे का, हेही आधी चालून बघा.

बाकी, कटिंगच्या वळणावर लुकआउट बाहेरच्या अंगाला उभा करा. आतला उतार नजर अडवतो, बाहेरून थोडं लांबचं दिसतं.

वेल्डजॉइंट:
ब्लॉक मिळेपर्यंत वेगमर्यादा लावली तर? आणि दोन्ही रूळ तारेने जोडणारी शंट क्लिप लावून सिग्नल लाल ठेवता येतो ना?

चढउतार:
वेगमर्यादेने नक्की फरक पडतो. ताशी ४५ केली तर ३० सेकंदांत गाडी ३७५ मीटर येते, म्हणजे तुमच्या ४०० मीटरमध्ये बसते. पण मर्यादा दोन्ही लाइनवर हवी आणि ड्रायव्हरच्या हाती आधी पोचलेली हवी. ऐनवेळी ४०० मीटरवर लाल झेंडी दाखवून उपयोग नाही. ११० ची गाडी ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग अशा मंदनाने थांबायला सुमारे ६७० मीटर घेते. आणि पॅकिंगसाठी खडी उकरणार असाल तर प्रश्न माणसांपुरता राहत नाही, रूळच पूर्ण वेगाला लायक नसतो.

खडीखालचा:
क्लिप चांगली, पण जोडीला. ती फक्त ट्रॅक सर्किटवर (रुळातल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) चालते, ॲक्सल काउंटरच्या (चाकं मोजून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) भागात तिचा काहीच परिणाम नाही. रुळाचा माथा गंजलेला असेल तर संपर्क होत नाही, घासून लावा आणि सिग्नल खरंच लाल झाला का, हे स्टेशनमास्तरकडून फोनवर ऐकूनच कामाला लागा. सिग्नल ओलांडून आत आलेली गाडी क्लिपने थांबत नाही.

ब्लॉक घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. ३ एप्रिल २०१६ ला अमेरिकेत चेस्टरजवळ पाळी बदलताना रात्रीच्या फोरमनने गाड्या अडवून मिळालेलं संरक्षण सोडून दिलं, दिवसाच्याने नवं घेतलंच नव्हतं, आणि रुळावर यंत्र उभं होतं. शंट लावलेला नव्हता. गाडी त्या यंत्रावर आदळली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून ब्लॉक देणारा, घेणारा आणि परत करणारा यांची नावं-वेळ एका कागदावर असू द्या. ब्लॉक परत करण्याआधी मेटने (गँगच्या मुकादमाने) माणसं आणि हत्यारं दोन्ही मोजावीत. शेजारची लाइन चालू असेल तर तिच्यासाठी लुकआउट ब्लॉकमध्येही लागतोच.