अर्थशास्त्र शिकलात? समाधानी आहात का? अनुभव लिहा

सीमांत
काल विद्यापीठाकडून माजी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली आली. 'अभ्यासक्रमाबद्दल आपण किती समाधानी आहात? १ ते ५.' बीए, एमए दोन्ही अर्थशास्त्रात, म्हणजे उत्तर पटकन द्यायला हवं. पण कितीतरी वेळ नुसतीच बघत बसले.

मायक्रोचे (एकेका ग्राहकाचं, कंपनीचं अर्थशास्त्र) सर आठवले की ५ द्यावेसे वाटतात. फळ्यावर समतृप्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्यांची रेघ) काढून त्याला बजेट लाइन (खिशातल्या पैशात बसणाऱ्या जोड्यांची रेघ) नेमकी एका बिंदूत टेकवायचे. जरा आत गेली की सगळं पुसून पुन्हा. "टेकली पाहिजे, छेदली नाही पाहिजे!" पूर्ण तास त्यात गेला तरी चालायचं त्यांना.

आणि मॅक्रो, म्हणजे अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र, आठवलं की १. सप्टेंबर २००८, अमेरिकेतली बडी बँक लेहमन ब्रदर्स बुडालेली, पेपरात रोज तेच, आणि आम्ही वर्गात आयएस-एलएमच्या (व्याजदर आणि राष्ट्रीय उत्पन्नाची आकृती) रेघा इकडून तिकडे सरकवतोय. एकाने विचारलं, हे जे चाललंय ते या आकृतीत कुठे बसतं? उत्तर आलं, "ते अभ्यासक्रमात नाही."

तर तुमचं काय? मनापासून लिहा, आकडा नाही दिलात तरी चालेल.

ठोकळा
आकडा देऊच नका. उपयोगिता (वस्तूतून मिळणारं समाधान) क्रमवाचक असते, संख्यावाचक नाही, म्हणजे कमी-जास्त सांगता येतं, किती ते नाही, हे पहिल्याच सत्रात घोकून घेतात आणि मग हेच लोक १ ते ५ विचारतात. तुमचे ४ आणि माझे ४ सारखेच कशावरून?

रात्रपाळी
हाहाहा ठोकळा. अर्थशास्त्रज्ञ रॉबिन्सबुवा १९३२ मध्ये हेच सांगून गेले, दोन माणसांच्या समाधानाची तुलना शास्त्रीय नाही म्हणून. फॉर्म बनवणारा बहुतेक त्या तासाला गैरहजर.

अबोली
वाचतेय. बाळ उठलं, नंतर लिहिते.

गुणक
माझं सगळं गाडं गणितावर अडलं. बीएला आकृत्या आणि 'सविस्तर चर्चा करा'. एमएला पहिल्याच आठवड्यात लाग्रांज (मर्यादेत राहून कमाल काढायची गणिती रीत). मध्ये पूल नाहीच. त्यातला लॅम्डा म्हणजे काय विचारलं तर "तो गुणक आहे, सोडवा". सोडवला. वर्षभर सोडवत होतो. नंतर कधीतरी एका सीनिअरने जाता जाता सांगितलं, अरे बजेट किंचित वाढवलं तर समाधान किती वाढेल तेच सांगतो तो लॅम्डा. एवढंच?? एका वाक्याचं काम होतं हो!! (आयडी तिथूनच.)

मधली_सुट्टी
गुणक, +१. आम्हाला तर कोणी सांगितलंच नव्हतं की गणित लागतं. मी आकडेमोड नको म्हणून अर्थशास्त्र घेतलेलं.

रात्रपाळी
मधली_सुट्टी, दंडवत घ्या.

कोपरा
उलट बाजूने लिहितो. मी गणितातून आलो, आणि मला मजा आली. अर्थशास्त्रज्ञ ॲरोचा सिद्धान्त (१९५१) मॅडमनी पायरी पायरीने सिद्ध केला. मतदारांच्या पसंतीक्रमावरून समाजाचा क्रम लावायचाय, तीन किंवा जास्त पर्याय आहेत, अटी तर अगदी साध्यासुध्या. आणि शेवटी निघतं काय, तर या सगळ्या अटी फक्त हुकूमशाहीतच एकत्र बसतात. तास संपला तरी कोणी उठेना. मी समाधानी. नोकरीत यातलं काही लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

पानगळ
कोपरा, या मॅडम उंच, चष्मा डोक्यावर, आणि मग तोच चष्मा शोधायच्या?

कोपरा
हो!!! तू कुठली बॅच?

पानगळ
विपू (विचारपुशीत निरोप) करते. त्यांच्या नोट्सची झेरॉक्स आठवतेय का, मधलं एक पान उलटं लागलेलं? सगळ्या बॅचेसनी ते तसंच पुढे दिलं.

कोपरा
मी तर पाठही तसंच केलेलं.

उनाड_विदा
इकॉनॉमेट्रिक्सबद्दल (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं) कोणीच कसं बोलत नाहीये? वर्गात सगळा डेटा गोंडस, रिग्रेशन (कशाचा कशाशी किती संबंध ते काढणं) चालवलं की निकालापुढे 'भरवशाचा' म्हणणारे तारे चमकतात. प्रबंधासाठी पहिल्यांदा खरं सर्वेक्षण हातात आलं. कुटुंबातल्या माणसांची सरासरी भलतीच येतेय. बघते तर काही घरांत ९९ माणसं! दोन दिवस मी एकत्र कुटुंबपद्धतीवर विचार करत होते. ९९ म्हणजे 'माहिती नाही' हा संकेत, पुस्तिकेत लिहिलेला. पदवीत जे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगी हेच, आणि ते कुठल्याच पेपरात नव्हतं.

ठोकळा
९९ माणसांच्या घरात भांडी कोण घासतं यावर वेगळा प्रबंध.

जुनी_वही
सीमांत, तुमच्या २००८ वर लिहायचं होतं. ही खदखद तुमच्याच वर्गात नव्हती. २००० मध्ये फ्रान्सच्या विद्यार्थ्यांनी पत्रक काढलं की हे अर्थशास्त्र स्वतःच्याच जगात रमलंय. २०११ मध्ये हार्वर्डची मुलं प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासातून उठून गेली. मँचेस्टरला २०१२ मध्ये मुलांनी संघटनाच काढली आणि २०१४ मध्ये स्वतःच्या विभागावर अहवाल लिहिला. मागणी साधी: एकच विचारधारा शिकवू नका, इतिहास शिकवा, संकटांबद्दल बोला.

रात्रपाळी
मागणी बरोबर, पण आमच्याकडे 'आर्थिक विचारांचा इतिहास' ऐच्छिक होता तेव्हा घेतला कोणी? मार्क पडत नाहीत म्हणून सगळे फायनान्सला पळाले. मीही.

जुनी_वही
रात्रपाळी, मार्क कोण देतं, मुलं का?

अबोली
आले. झोपलं पुन्हा.
मला एका ऐच्छिक पेपरने तारलं. त्याआधी सामायिक कुरणाचा ऱ्हास अटळ असतो असंच शिकवलेलं, पर्यावरणशास्त्रज्ञ हार्डिनचा १९६८ चा लेख, आकृती, संपलं. या पेपरात एलिनॉर ऑस्ट्रॉम भेटली. स्वित्झर्लंडची गावं आपली कुरणं शतकानुशतकं स्वतः नियम करून सांभाळतात, नेपाळचे शेतकरी पाण्याच्या पाळ्या स्वतः लावतात. २००९ चं नोबेल मिळालं तिला, अर्थशास्त्रात पहिलीच बाई. आणि शिक्षणाने राज्यशास्त्राची! मी मूळ गरिबी का असते हे विचारायला आले होते, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी मला दुसऱ्याच विषयाच्या माणसाने दिलं. म्हणजे समाधानी म्हणू की ना

अबोली
अर्धवट गेलं, हात लागला. असो.

पायरी
मी शिकवते. सत्र संपताना अभिप्राय घेते. एकाच वर्गातून 'गणित कमी करा' आणि 'गणित वाढवा' असे दोन्ही गठ्ठे येतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. मोठा वर्ग, वर्षाअखेर एकच परीक्षा. गुणकचा तो सीनिअर मला प्रत्येक बाकावर बसवता आला तर हवाय.

चुलतभाऊ
समाधान वगैरे माहीत नाही, पण लग्नात दर वेळी "कुठला शेअर घेऊ?" विचारणाऱ्यांपासून सुटका कशी करावी?

ठोकळा
"इतर परिस्थिती कायम असताना" म्हणून सुरुवात करा. दुसऱ्या वाक्याला माणूस निघून जातो.

नवखी
भाचीला अर्थशास्त्र घ्यायचंय, पण गणित सोडलंय. चालेल का?

गुणक
चालेल, पण पदवी सुरू असतानाच कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र हळूहळू करायला सांगा. एमएपर्यंत थांबू नका.

पायरी
आणि प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका बघू देत तिला, माहितीपत्रक नाही.