मदत हवी आहे: एकाच पॅरिशमधले (चर्चच्या हद्दीतले) दोन पॅट्रिक मर्फी, आपला पूर्वज कोणता?

आयर्लंड, कॉर्क काउंटी, कांटर्क परिसर. कुटुंब कॅथलिक. आडनाव मर्फी, म्हणजे तिकडचे पाटीलच! 1869 च्या सरकारी विवाह नोंदीत पॅट्रिकच्या वडिलांचं नाव डेनिस आहे. वयाच्या जागी फक्त 'सज्ञान'. आईचं नाव त्या नोंदीत नसतंच.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मायक्रोफिल्ममध्ये दोन बाप्तिस्मे सापडले: 1843 (आई मारिया) आणि 1845 (आई जोआना). दोन्हीकडे वडील 'डायोनिसियस', म्हणजे लॅटिनमधला डेनिस. गावाचं नाव एकातही नाही. सरकारी जन्मनोंद 1864 पासूनची, त्यामुळे तिचा उपयोग नाही.

1901 च्या जनगणनेत वय 56, 1911 मध्ये 70. (1909 ला सत्तरीनंतरची वृद्धापकाळ पेन्शन आली आणि सगळेच झपाट्याने म्हातारे झाले.) पेन्शनसाठी वयाचा पुरावा म्हणून 1841 आणि 1851 च्या जनगणनेत नाव शोधायचे जे अर्ज लोक करत, तेही पाहिले, नाव नाही. मृत्युनोंदीत आईवडील नसतात. पॅट्रिकच्या दुसऱ्या मुलीचं नाव जोआना (दुसरीला वडिलांच्या आईचं नाव द्यायचा तिकडचा रिवाज), पण तेवढ्यावर विसंबवत नाही.

ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये (एकोणिसाव्या शतकातली जमिनींची सरकारी मूल्यांकन-यादी) दोन डेनिस मर्फी, वेगवेगळ्या टाउनलँडमध्ये (तिकडच्या छोट्या वाड्या). डब्लिनला जाणं शक्य नाही. व्हॅल्युएशनच्या दुरुस्ती-वह्यांतून (ताबेदार बदलल्याच्या नंतरच्या नोंदी) जमीन डेनिसकडून पॅट्रिककडे गेल्याचं वर्ष काढावं, की दोन्ही घरांतल्या भावंडांच्या बाप्तिस्म्यांचे साक्षीदार (धर्म-आईबाप, बहुधा नातलग) पॅट्रिकच्या मुलांच्या साक्षीदारांशी जुळवावेत? कशाने आधी निकाल लागेल?