वाऱ्याचा वेग विकतचा, दिशा घरची. पटतंय का?

गच्चीवाला

गच्चीवर हवामान केंद्र उभारताना वारा मोजायची वेळ आली की लोक दोन गटांत वाटले जातात. काही सगळंच तयार घेतात, काही सगळंच थ्री-डी प्रिंटरवर छापतात. माझं म्हणणं, वेग मोजणारे कप विकत घ्यावेत आणि दिशा दाखवणारं पातं घरी करावं.

दिशा ही नुसती भूमिती आहे. होकायंत्राने उत्तर ठरवली (लोखंडी पाइपापासून लांब उभं राहून!) की काम झालं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम फरक आहे. वेगाचं तसं नाही. उत्तर आयर्लंडमधल्या आर्माच्या वेधशाळेतल्या रॉबिन्सनने १८४६ साली चार कपांचं यंत्र केलं, तेव्हा त्याचा समज असा की कप कितीही लहान-मोठे असले तरी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतात. तो पुढे खोटा ठरला. कपाचा व्यास किंवा दांडीची लांबी बदलली की गुणक (कपांच्या फिरण्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा आकडा) बदलतो. मग घरी छापलेल्या कपांचा गुणक सांगणार कोण? स्पार्कफन कंपनीच्या तयार किटबरोबर तो लिहून येतो: सेकंदाला एक पल्स (कप फिरताना मिळणारा विजेचा ठोका) म्हणजे ताशी २.४ किमी.

त्याच किटचं दिशेचं पातं मात्र मला आवडत नाही. आत ८ रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारे), प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर. चुंबक दोघांच्या मधोमध आलं की दोन्ही लागतात, म्हणून १६ दिशा. पण पूर्वेच्या आसपास रोध येतात ८९१, १००० आणि ६८८ ओहम. १० किलोओहमच्या पुल-अपवर (पुरवठ्याकडे जोडलेल्या रेझिस्टरवर) ३.३ व्होल्ट दिले तर पहिल्या दोघांत जेमतेम ३० मिलिव्होल्टचा फरक. ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलरच्या एडीसीकडून (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाकडून) तो ओळखण्याची अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा एएस-५६०० ही चुंबकीय एन्कोडरची, म्हणजे चुंबक किती फिरलं ते मोजणारी चिप घ्या: एका फेरीचे ४०९६ भाग, कुठेही घर्षण नाही. चुंबक तेवढं व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं लागतं, फ्रिजवरचं चालत नाही.

खटपट्या

अर्धं पटलं. गुणक काढणं इतकं अवघड नाहीये हो. पहाटे वारा पडलेला असताना मोकळा रस्ता गाठा, कप गाडीच्या टपाच्या बरेच वर काठीवर बांधा, वेग जीपीएसवरून घ्या (गाडीचा काटा जास्त दाखवतो), जाता-येता दोन्हीकडून मोजा आणि सरासरी काढा. झाला तुमचा गुणक.

आणि तुमच्या किटवर लिहिलेला आकडा नव्या बेअरिंगचा आहे. दोन पावसाळ्यांनंतर त्याला काय अर्थ? माझं बेअरिंग गेलं तर मी नवीन टाकतो. तुमचं गेलं की अख्खं किट मागवा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक चक्कर मारली की हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा), पुल-अप, वायर सगळं हातात पडतं.

गच्चीवाला

गाडीने ताशी ४०-६० किमीचा गुणक नक्की मिळेल. पण आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस गच्चीवर ताशी ५-१० चाच वारा असतो, आणि तिथे राज्य घर्षणाचं. ६०८ नंबरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, मंद झुळकीला कप हलतच नाहीत. पेट्रोलने धुऊन ग्रीस काढलं तर कप हलतात, पण पहिल्या पावसात गंज. शिवाय पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचे कप एप्रिलच्या उन्हात मऊ पडून वाकडे होतात. उन्हात टिकणारं एएसए प्लास्टिक वापरत असाल तर हा मुद्दा सोडून देतो.

निर्वात

फिरणाऱ्या वस्तूंवर कसले वाद घालताय? अल्ट्रासॉनिक करा, म्हणजे आवाजाने वारा मोजा. २० सेंमी अंतरावर दोन ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारे आणि ऐकणारे), आवाज एकदा इकडून तिकडे, एकदा उलट. दोन्ही वेळांच्या व्यस्तांची वजाबाकी केली की तापमान आपोआप गळून पडतं. अशा दोन जोड्या काटकोनात लावल्या की वेग आणि दिशा दोन्ही. बेअरिंग नाही, गुणक नाही.

खटपट्या

कागदावर सुंदर. २० सेंमीला सेकंदाला १ मीटर वाऱ्याने दोन्ही वेळांत फरक पडतो साधारण ३.३ मायक्रोसेकंद. ४० किलोहर्ट्‌झची एक लाट २५ मायक्रोसेकंदांची. मोजताना एक लाट चुकली की शांत दुपारी ताशी २७ किमीचा झोत नोंदवला जाणार. आणि एचसी-एसआर०४ या अंतर मोजायच्या सेन्सरमधले ट्रान्सड्यूसर पावसात किती टिकतात ते एकदा बघाच. शिकण्यासाठी जरूर करा, नोंदी ठेवायच्या असतील तर नको.

नैऋत्य

तुम्ही सगळे टक्के-दोन टक्क्यांवर भांडताय आणि कप लावणार पाण्याच्या टाकीशेजारी! हवामान खात्यांचा नियम आहे, जमिनीपासून १० मीटर उंची, आणि अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब. शहरातल्या गच्चीवर हे कुणाला जमणार? कठड्याला आपटून वारा वर उसळतो, तोच तुम्ही मोजता. म्हणून सेन्सर जो स्वस्त मिळेल तो घ्या आणि पैसे उंच पाइप, ताण्याच्या तारा आणि अर्थिंगवर घाला.

पठारकर

इथे असहमत. मी साताऱ्याकडचा, शेतावर छोटी पवनचक्की बसवायची का ते ठरवायला मोजतोय. जागा मोकळी आहे. वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनात जाते, म्हणजे वेग १० टक्के जास्त दाखवला तर ऊर्जा ३३ टक्के फुगते. त्यावर कर्ज काढायचं का? मी प्रमाणपत्रासकट कप घेतले. लांब केबल होती म्हणून आरएस-४८५ वाले (लांब तारेवरही सिग्नल नीट पोचवणारे). दिशा मात्र मीही घरीच केली.

जाता जाता: दिशेची साधी सरासरी काढू नका. ३५० आणि १० ची सरासरी १८० येते, उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. साइन-कोसाइन वेगवेगळे बेरजेला घ्या.

खटपट्या

कर्ज असेल तर विकतचेच घ्या, त्यात वाद नाही. हौशी माणसाने का घ्यावेत, ते अजून पटलेलं नाही. गच्चीवाले, तुमचे विकतचे आणि माझे छापलेले (एएसएचेच आहेत) एकाच पाइपवर लावून पावसाळाभर नोंदी घेऊ.

गच्चीवाला

चालेल, पाइप माझ्याकडे आहे. आडवी दांडी वायव्य-आग्नेय ठेवू, म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्यात एकाची आड दुसऱ्याला येणार नाही. बेअरिंग धुतलेलं लावणार की ग्रीससकट, ते आधीच ठरवा. मध्येच बदलायचं नाही.