नोटेच्या कडेवरच्या रेघा

मुलांचे डोळे बांधून त्यांना अंगणात चालायला लावा, म्हणजे अंधत्व काय ते कळेल, असं काही जण सुचवतात. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. डोळे बांधलेलं पोर लगेच ठेचकाळतं, घाबरतं आणि ‘बिचारे!’ म्हणत पट्टी सोडतं. न बघता वावरणाऱ्या माणसानं वर्षानुवर्षं कमावलेलं कसब त्यात कुठे दिसतच नाही.

त्यापेक्षा मुलांच्या हातात नोटा द्या. आत्ताच्या १०० च्या नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या चार तिरक्या रेघा असतात, ५०० च्या नोटेला पाच. गुहागरच्या बाजूला आमच्या गावात दुकान चालवणाऱ्या एका काकांना दिसत नाही. मे महिन्यात आलेल्या माझ्या भाचीनं त्यांना सरळ विचारलं, "काका, नोट कशी ओळखता?" तिची आई तिला गप्प करायला गेली, तर काकाच म्हणाले, "विचारू दे गो तिला!" आणि तिचं बोट धरून कडेवरून फिरवलं. पावसाळ्यात दमट, मळक्या नोटांच्या रेघा नीट लागत नाहीत, तेव्हा ते बोटांवर लांबी मोजतात. १०० ची १४२ मिमी, ५०० ची १५०. फरक जेमतेम ८ मिमीचा! १०, २०, ५० ला तर उठावाच्या रेघाच नाहीत, तिथे लांबीवरच भिस्त. भाची आता पैसे देताना "ही वीसची, ही पन्नासची" असं बोलून त्यांच्या हातात देते.