खुर्चीत बसून गल्ली कळते का?

पिवळा माणूस : घर बदलायचं म्हटलं की मी आधी गूगल मॅप्सवरचं स्ट्रीट व्ह्यू उघडतो, म्हणजे कॅमेरा लावलेल्या गाडीने रस्त्यांवरून फिरून टिपलेली चित्रं. जाहिरातीत दिवाणखाना दिसतो. गल्लीचं तोंड केवढं, गाड्या कशा लावल्यात, पदपथ मध्येच संपतो का, ते नाही. शिवाय 2014 पासून गूगलने जुनी चित्रंही खुली केली आहेत. एकच कोपरा मागेपुढे करून पाहिला की परिसर सुधारतोय की बकाल होतोय, ते समजतं. एका प्रत्यक्ष चकरेपेक्षा यात जास्त कळतं असं माझं मत. पटत नसेल तर बोला.

पायपीट : अजिबात पटत नाही. गाडी दिवसाउजेडी एकदा गेली, तेवढंच ते चित्र. रात्री दिवे लागतात का? नाल्याचा वास? चढसुद्धा त्यात सपाट वाटतो, एकदा सामान घेऊन चढलोय म्हणून सांगतो. आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्यांपेक्षा बराच वर असतो. जपानमध्ये कुंपणापलीकडचं दिसतं म्हणून ओरड झाली, तेव्हा 2009 मध्ये तो 40 सेंटिमीटर खाली घ्यावा लागला.

पिवळा माणूस : वास मान्य, चढही मान्य. पण तुमची चक्कर तरी कितीदा रात्री असते? रविवारी सकाळी कुठलीही गल्ली गुणी बाळच!

झाकली मूठ : दोघंही बघणाऱ्याच्याच बाजूने बोलताय. ज्याचं घर बघताय त्याचं काय? जर्मनीत 2010 मध्ये सुमारे 2 लाख 44 हजार घरांसाठी ‘आमचं घर धूसर करा’ असे अर्ज आले होते. चेहरे आणि नंबरप्लेट आपोआप पुसट होतात, दोरीवरचे कपडे होत नाहीत.

पिवळा माणूस : धूसर घरच उलट आधी डोळ्यात भरतं.

झाकली मूठ : म्हणजे लपवलं तरी आमचीच चूक. छान.

दोन चाकं : मी चाकाच्या खुर्चीवर असते. ‘एक चक्कर मारून या’ हे पायपीटरावांना सोपं आहे. मला दाराशी किती पायऱ्या आहेत ते निघण्याआधीच कळावं लागतं, आणि ते इथेच कळतं. एकदा फसलेही : चित्रात उतार होता, पोचले तर सगळं खणून ठेवलेलं. चित्र तीन वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हापासून आधी तारीख बघते.

पायपीट : चक्कर मारण्याचं मागे घेतो, ताई. ती तारीख असते कुठे?

दोन चाकं : चित्राच्याच कडेला, बारीक अक्षरांत. महिना आणि वर्ष.